तोंडओळख

नार्व्हाच्या पुलावर, आमच्या टोकाला,
काचेमागे बसून मी चेहरे वाचते.
एकोणीस वर्षं झाली.
पलीकडे रशिया, मध्ये नदी,
काठावरचे दोन किल्ले समोरासमोर,
भांडण विसरून अबोला तेवढा पाळणाऱ्या शेजाऱ्यांसारखे.

माझं काम एवढंच :
फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस
एकच आहे का?
मी मी म्हणणारे इथे मुकाट उभे राहतात,
टोपी काढतात, चष्मा काढतात,
हसूसुद्धा काढून ठेवतात,
फोटोत ते नव्हतं म्हणून.

मी नवी होते तेव्हा हेल्दूर म्हणाला होता,
कान बघत जा, मायमू.
गाल सुटतात, केस जातात, नाकही जरा उतरतं,
कानाच्या आतली वळणं बदलत नाहीत.
तेव्हापासून झोपलेल्या नवऱ्याचेही कान
मी तपासून बघते.

मग यंत्र आलं.
डोळ्यांमधलं अंतर मोजून ते सांगतं
माणूस किती टक्के स्वतः आहे.
बहुतेक जण नव्वदच्या पुढे असतात.
एका रात्रपाळीत मी माझाच चेहरा धरला होता त्याच्यासमोर.
आकडा सांगणार नाही.

झिनाइदा फ्योदोरोव्ना दर दुसऱ्या गुरुवारी येते.
करडा पासपोर्ट. नागरिकत्व : अनिश्चित.
ज्या देशात जन्मली तो देश तिच्या आधी वारला.
पिशवीत लोकरी मोजे, रक्तदाबाच्या गोळ्या,
पलीकडच्या बहिणीसाठी,
जी आता हिला आई म्हणते.
"पूल ओलांडला की मी आई," ती एकदा म्हणाली,
"परत येताना पुन्हा निपुत्रिक."

फेब्रुवारीत यंत्राने लाल दिवा लावला.
एक्केचाळीस टक्के.
चेहरा पडला असं आपण सहज म्हणतो.
तिचा खरोखर पडला होता, डावी बाजू,
न्हाणीघरात, एका सकाळी, आवाज न करता.

अशा वेळी प्रश्न विचारायचे, असा नियम.
जन्मतारीख?
तिने सांगितली. वर म्हणाली,
ही आईने अंदाजाने लिहवली होती.
जन्मगाव?
हेच.
मी लिहिलं, हेच.
(माझ्या आजीचं नार्व्हा युद्धात जळलं,
त्याच नावाखाली दुसरं बांधलं.
मरेपर्यंत तिने याला हे म्हटलं नाही.
ते म्हणायची.)

शेवटचा प्रश्न :
फक्त तुम्हालाच माहीत असेल
असं काही सांगा.
ती बराच वेळ गप्प.
मागे रांग, बर्फ झटकणारे बूट.
मग अर्ध्या ओठाने म्हणाली,
"जे फक्त मलाच माहीत
ते खरं की खोटं
तुला कसं कळणार, पोरी?"

याला रकाना नव्हता.
मी पेन उघडलं, मिटलं.
तेवढ्यात, चाळा म्हणून, तिने
करंगळीला थुंकी लावून पासपोर्टचं पान उलटलं.
अंगठ्याला नाही. तर्जनीला नाही.
एकोणीस वर्षांत करंगळीवाली बाई एकच.
तिला स्वतःला हे ठाऊक नसावं.
इतकी वर्षं ते माझ्याकडे पडून होतं,
काचेच्या अलीकडे,
कुठेही नोंद नसलेलं.
मी बटण दाबलं. फाटक उघडलं.

एप्रिलमध्ये ती नवा पासपोर्ट घेऊन आली.
नवा फोटो, लोंबता गाल, अर्धा मिटलेला डोळा.
अठ्ठ्याण्णव, यंत्र म्हणालं.
इतकी ती स्वतः
कधीच नव्हती.
कोरा पासपोर्ट, पहिलंच पान,
उलटायची वेळ आली नाही.

मी तो हातात धरून बसले,
नियमापेक्षा जरा जास्त.
मागचा माणूस खाकरला.
"काय शोधतेस?" तिने विचारलं.

"कान दाखवा," मी म्हणाले.
तिने रुमाल मागे सारला.