लादी

टॅबिथा हस्किन्स बॉस्टनला भाच्याच्या लग्नाला गेली
आणि येताना मांडीवर घेऊन आली
गोणपाटात गुंडाळलेली, विटेएवढी बर्फाची लादी.

मी तिचा हिशेबनीस.
बाहेर केनेबेक नदी अठरा इंच गोठलेली,
साठ घोडे, दीडशे माणसं,
करवतींची खरखर पार पलीकडच्या काठापर्यंत.
गार्डिनर गावात बर्फ घेऊन येणारं
आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

तिने लादी माझ्या वहीशेजारी ठेवली.
पोटात जरा ढगाळ.
ना काडी, ना पान, ना नदीचा वास.
"चाखून बघ."
म्हटलं, बाईसाहेब, याला चवच नाही.
"तेच तर," ती म्हणाली,
"आणि हा जुलैतही होतो. नदीला न विचारता."

आम्ही हसलो. सायलस तर असा हसला
की मिशांवरचं दंव गळून पडलं.
यंत्राची नळी गळते, अमोनियाने माणसं खोकून बेजार,
वर भाव आमच्या दुप्पट.
मी आकडे मांडून दाखवले. आकडे बरोबर होते.
फक्त त्या वर्षाचे होते.

मार्चमध्ये तिने घोडे विकले,
म्हातारा ड्यूक तेवढा राहिला, त्याला गिऱ्हाईकच मिळेना.
बर्फघरात पंप आला.
पहिलं वर्षभर त्याने
बर्फ कमी दिला, शिव्या जास्त खाल्ल्या.

लोक आता तिला द्रष्टी म्हणतात.
मला आठवतं ते एवढंच :
लादी वितळली, माझी वही भिजली,
आम्ही शाई वाचवायला धावलो,
आणि ती त्या पाण्यात बोट फिरवत
बघत बसली होती
खाली गाळ बसतो का.