पीळ

ढालगावच्या माळावर पवनचक्क्या आल्या
त्याच्या आधीची गोष्ट.
लखमल मामा पिंजऱ्यावर धडपा टाकून
पहाटे निघायचा, मी मागून,
फाशांची दांडकी काखेत.
घोड्याच्या शेपटीचे केस वळायला
त्यानंच शिकवलं: थुंकी कमी, पीळ जास्त.

धडपा काढला की आमचा तित्तर बोलायचा
आणि कुसळातून दुसरा चिडून उत्तर द्यायचा.
भांडायला येतो तोच सापडतो, मामा म्हणायचा.

आता धाकट्यानं मिरजेत रिक्षा घेतलीय.
त्याच्या पोरीला फासा दाखवला तर म्हणाली, बांगडी का?
बाजारात पूर्वी लोक नुसत्या डोळ्यांनी विचारायचे,
आहेत का?
आता ब्रॉयलर सोलून घेतात, भाव न करता.
फॉरेस्टवाल्यालाही आमचा कंटाळा आलाय,
गाडीतूनच हात करून जातो.

परवा उगाच गेलो. पिंजरा रिकामाच नेला,
हाताला वजन हवं म्हणून.
पात्याची सावली अंगावरून जायची, परत यायची.
बोटं तोंडात घालून मीच बोललो, तित्तराच्या आवाजात.
जरा चुकलंच.

बराच वेळ काही नाही.
मग हिवराखालून एक आला, मान ताठ,
पिंजऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या,
आत बघितलं.
कुणीच नाही म्हटल्यावर
पायानं माती उकरत राहिला
माझ्या चपलेपासून हातभर.

माझी बोटं आपोआप वळत होती,
पीळ देत.
केस नव्हता त्यांच्यात.