दोन टिंबं

झ्द्राव्का बाईंनी पहिल्याच मंगळवारी खोडरबरं जप्त केली.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली, झाकण दाबलं,
डबा खिडकीत ठेवला, बाहेर बर्फ पडत होता तिथे.
"पेन घ्या," म्हणाल्या, "निळं, स्वस्तातलं.
आणि वर्तमानपत्र. कालचं असलं तरी चालेल."

प्लोव्हदिवच्या वाचनालयाचा वरचा मजला,
एक शेगडी, आम्ही नऊ जण, सगळे पन्नाशीपुढचे.
मी कर खात्यात सत्तावीस वर्षं
दुसऱ्यांच्या आकड्यांखाली लाल रेघा ओढलेली बाई.
पट्टी लावून.
पट्टीशिवाय माझी रेघ म्हणजे
आजारी मांजराची मिशी:
थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा तिच्यावरूनच,
अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तशी.

बाईंनी दोन टिंबं दिली, वीतभर अंतरावर.
"मनगट विसरा. खांद्यातून या.
आधी हवेत गिरवा, इथून तिथे, इथून तिथे,
पेन टेकवायचं नाही.
नजर पोचायच्या टिंबावर, हातावर नको.
आणि हात आपणहून निघाला
की त्याला अडवू नका."

माझा निघायचा खरा.
अर्ध्या वाटेत मागे वळून बघायचा.

शेजारी स्तोइमेन बसे, काचवाला,
बोटांवर जुन्या कापांच्या पांढऱ्या खुणा.
त्याच्या रेघा माझ्याहून वाईट.
एकदा त्याने नासपती काढली,
तिला अंगभर केस आले.
आम्ही दोघं हसलो, मग तो जरा जास्तच वेळ गप्प बसला.

फेब्रुवारीत माझ्या स्वयंपाकघराची काच तडकली.
वरून गोलाई असलेली ती खिडकी, पट्टीचं काम नाही.
स्तोइमेन आला. टेबलावर घोंगडी अंथरली,
तिच्यावर काच.
कटरचं चाक रॉकेलात बुडवलं,
आणि काचेच्या बोटभर वरून
हात फिरवला. हवेत. दोनदा.
मग टेकवला.

करर्र.
एकच आवाज, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच जाडीचा.
खालून टिचकी मारली,
आणि गोलाई सुटून त्याच्या हातात आली
पावाचा तुकडा मोडावा तशी.

"मंगळवारी," मी म्हटलं, "हा हात कुठे ठेवून येतोस?"

तो पुट्टीची वळी करत राहिला.
"काचेला दुसरी रेघ चालत नाही.
थांबलो, पुन्हा फिरवलं, की ती तिच्या मनाने फुटते.
कागद बिचारा सोसतो.
सोसतो म्हणून मी त्याला विचारत बसतो,
इथून जाऊ का? इथून जाऊ का?"

पैसे मात्र मोजून घेतले.
आणि पावती हवी का, असं विचारलं.
मला!

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा दोन टिंबं दिली,
फुटबॉलच्या बातमीवर.
हवेत गिरवलं. पुन्हा गिरवलं.
रॉकेलचा वास आठवला.
खांदा हलला, कोपर त्याच्यामागून,
पेन कधी टेकलं ते कळलंच नाही.

रेघ टिंबाच्या खालून गेली,
दोन बोटं पुढे जाऊन थांबली.
काळ्या दगडावरची नव्हे,
कुणाच्या तरी गोलच्या वर्णनावरची,
निळी, किंचित बाकदार.

माझा हात सवयीने परत चालला होता,
तिला जरा वर उचलून घ्यायला.
बाई मागेच उभ्या होत्या.
"चुकली," म्हणाल्या. "पण एकच आहे.
राहू दे."

स्तोइमेनच्या कागदावर नासपती, पाच रेघांची.
देठ भलतीकडेच लटकलेला.
केस एकही नाही.

मी शेजारी आणखी दोन टिंबं दिली.
या वेळी जरा लांब.