रीडिंग

रुग्ण क्रमांक एकसष्ट.
फॉर्मवर नाव लिहायचं नाही असा नियम,
म्हणून इथे लिहिते: त्र्यंबक झोकरकर,
लोकमान्य नगर, इंदूर,
वीज मंडळातले रिटायर मीटर-रीडर.

रंगपंचमीची गेर निघाली त्या दिवशी
उजवी बाजू गेली, आणि बोलणं.
"लकवा तर झालाच," शरयूकाकू म्हणाल्या,
"आता फिट येऊ नये, एवढं बघा."
मी तेच समजावत होते, बारा पानांचं संमतीपत्र धरून:
मेंदूत रक्त पोचलं नाही तिथे वण राहतो,
वणातून कधी ठिणगी उडते.
औषध फिटचंच, जुनं.
फिट यायच्या आधीपासून दिलं तर काही वाचतं का,
ते बघायचंय.
निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती गोळी.
"यांना कोणती?"
मला माहीत नाही, काकू. डॉक्टरांनाही नाही.
"मग माहीत कुणाला आहे?"
पाकिटाला, मी म्हणाले.

काका डाव्या हाताचं बोट
टेबलावर गोल फिरवत होते,
हळू, एकाच वेगानं.
"मीटरची चकती," काकूंनी उलगडलं.
"म्हणायचे, घराला कुलूप, सगळी बटणं बंद,
तरी चकती सरकतेय
तर भिंतीत कुठेतरी गळती आहे."

बारा पानांपेक्षा ते बोट स्पष्ट होतं.

दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मी मोजायची.
काकू जीरावनच्या जुन्या डबीतून आणत;
दिवसभर बोटांना मसाल्याचा वास.
झटका आला? हो / नाही.
नाही. नाही. नाही.
गुंगी? थोडी.
चिडचिड? "ती लग्नापासूनची, लिहू नका."

सातव्या खेपेला लिफ्ट बंद.
जिन्याखाली व्हीलचेअर थांबवलेली,
भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीकडे बघत
काका बोलले.
चार. शून्य. नौ. दो. सात.
आवाज गंजलेला, आकडे स्वच्छ.
मग जरा थांबून, माझ्याकडे वळून:
"लिख ले."
काकूंनी पदर तोंडाशी नेला.
घरात मराठी, नोकरी सगळी हिंदीत;
आधी परतली ती नोकरीची भाषा.

मी लिहून घेतलं. रकाना नव्हता,
'इतर'मध्ये लिहिलं.
वरून शेरा आला: गैरलागू, खोडावे.
खोडलं. नियमाप्रमाणे
एकच रेघ, तारीख, सही,
खालचं वाचता येईल अशा बेतानं.

यंदा पाकिटं उघडली.
दोन्ही गटांत फरक इतका थोडा
की अजून माणसं लागतील म्हणे.
कोणती गोळी होती ते सांगायला मी फोन केला.
"राहू दे," काकू म्हणाल्या,
"डबी धुऊन जीरावन भरलं पुन्हा.
आणि ऐक, काल मराठीत बोलले.
'आज मंगळवार' म्हणाले."

काल बुधवार होता.