परांचीचे पाय

आदिस अबाबात, चढावरच्या एका गल्लीत
सातवा मजला अजून कागदावरच आहे.
पहाटे ट्रकभर निलगिरी उतरली,
एन्तोतोच्या डोंगरावरची, साल अर्धवट सोललेली;
सगळ्या गल्लीला सर्दीच्या औषधाचा वास.

मुकादम गाशाव वासे मोजत नाही, वाजवतो.
दगडानं ठोकतो, कान लावतो,
आणि एखादा गुपचूप बाजूला काढतो,
पंगतीतून दारुड्याला उठवावं तसा.
"हा चुलीचा." बस्स, एवढंच.

मग तो चालतो. भिंतीपासून दीड हात सोडून,
पावलाला पाऊल लावून,
टाचेनं जमीन दाबत.
इथे एक पाय. इथे दुसरा.
कोपऱ्यावर विजेची तार सैल लोंबते,
तिच्याकडे बघून तो तिथली ओळ आत घेतो.
मागोमाग पोरगा तामिरू
चुन्याच्या फुल्या मारत.

चौथी फुली पडते एतागेनच्या शेगडीवर.
निळ्या ताडपत्रीखाली अकरा वर्षं ती कॉफी विकते.
"ऊठ बाई," मालकाचा माणूस म्हणतो,
"आज पाय रोवायचेत."
ती उठत नाही. बिया भाजत राहते.
गाशावच्या हातात पहिला पेला ठेवते.
पहिल्या पेल्याला तिथे अबोल म्हणतात.
त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ निराळा असेल,
गाशाव तो आपल्या अर्थानं पितो.

दुसऱ्याला, तोनाला, तीच बोलते:
"मी उठेन रे. पण इथे पाय नको रोवू.
इथे विहीर होती. माझ्या सासूनं
हिचं पाणी शेंदलंय.
मग कुणीतरी कचऱ्यानं भरली,
वर मुरूम टाकला, आणि सगळे विसरले.
माझी शेगडी दर पावसाळ्यानंतर बोटभर खचते,
मी खाली विटेचा तुकडा सरकवते.
तुझ्या वाशाखाली कोण सरकवेल?"

नकाशात विहीर नाही.
मालकाचा माणूस घड्याळ बघतो.
गाशाव पहार मागवतो.
कमरेएवढी पहार एका दणक्यात मुठीपर्यंत जाते
आणि खालून आवाज येत नाही.

हवासाला एकदा अशाच शांततेवर
त्यानं शिडी टेकली होती.
डावा गुडघा तेव्हापासून वाकत नाही.

फुली तो पायानं पुसतो.
खड्ड्याच्या अल्याड-पल्याड, घट्ट जमिनीवर,
जाड फळ्या, फळ्यांवर वासे,
मधून आडवी तुळई, दोन्हीकडून कैची,
प्रत्येक मजल्याला भिंतीशी गाठ.
ओळंबा सोडून तो श्वास धरतो.
डुलणारा लोलक थांबेपर्यंत
कुणी खोकतसुद्धा नाही.

अर्धा दिवस बुडाला.
मालकाचा माणूस फोनवर ओरडत राहिला.
तिसरा पेला बरका, म्हणजे बरकतीचा.
तामिरूनं तो घाईनं घेतला आणि ओठ भाजले.
"आइझोह," एतागेन हसली. धीर धर, बाळा.
हाच शब्द त्याला पुन्हा ऐकू आला
पाचव्या मजल्यावर, वारा सुटला तेव्हा,
गाशावच्या तोंडून, हळू.

इमारत आता काचेची आहे.
वासे उतरले, खिळे सरळ होऊन डब्यात गेले,
गाठींची भोकं पुट्टीनं बुजली.
नकाशात विहीर अजूनही नाही.
शेगडी समोरच्या फुटपाथवर गेली,
तिथे ती खचत नाही,
याचं एतागेनला जरा चुकल्यासारखं वाटतं.

आणि तामिरू, कुठेही उभा राहण्याआधी
टाचेनं जमीन दाबून बघतो.
बसच्या रांगेतसुद्धा.