सोहारचा आखाडा

पहिल्या नकाशात मी नाव काढली होती.
साठ मीटरची नाळ, शिडाचं छप्पर.
बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

नावा बांधणाऱ्या म्हाताऱ्या खल्फानला मॉडेल दाखवलं
तर तो हसला. म्हणाला,
जमिनीवरची नाव एकतर अर्धी बांधलेली असते
नाहीतर मेलेली.

शुक्रवारी त्याने मला नेलं
खजुरांच्या मागे, बैलांच्या टकरीला.
भिंत नव्हती. तिकीट नव्हतं.
वाळूवर मांडी घातलेली माणसं,
पिकअपच्या टपावर पोरं,
आणि मध्ये दोन कपाळं, एकमेकांत रुतलेली.
एक बैल हटला, उधळला थेट आमच्याकडे
आणि अख्खा गोल उठून
ओहोटीसारखा मागे सरला,
मग पुन्हा येऊन बसला.
कुणाचा तरी चहा सांडला, एवढंच.

रात्री संगणकापुढे बसले.
बावीस हजार खुर्च्या, अग्निशमन, दिव्यांचे खांब.
काँक्रीटला मागे सरायला कसं शिकवू?

समुद्राकडची बाजू पुसून टाकली.
तिथे नुसता उतार ठेवला, वाळूचा.

सकाळी मस्कतहून इनामदारांचा फोन:
या उतारावर माणसं किती बसतील?

म्हटलं, बैलावर आहे ते.