साल

परभणीच्या कॉलेजात, फूड टेकच्या मागच्या लॅबमध्ये
माझं काम काचेची भांडी धुण्याचं.
रंग येतात, रंग जातात, मी ब्रश फिरवतो.
कुणाचा पेपर छापून आला
ते मला चहाच्या ऑर्डरीवरून कळतं.

यंदा जालन्याची तहसीन गोणी घेऊन आली.
एसटीभर मोसंबीचा वास,
कंडक्टरनं लगेज लावलं पूर्ण फळाचं.
आत फळ नव्हतंच.

तिच्या अब्बांचा गाडा बसस्टँडसमोर.
दांडा खाली ओढला की रस ग्लासात,
उरलं ते गोणीत: साल, पांढरी गादी, बिया, चोथा.
संध्याकाळी नाल्याकडच्या शेळ्यांना.
दात आंबले तरी खायच्या बिचाऱ्या.

तहसीननं साली सावलीत वाळवल्या, दळल्या,
स्पिरिटात भिजवून रात्रभर हलत ठेवल्या.
मग ते जांभळं द्रावण
नळीनळीत ओतलं, वर चंदेरी कागद,
अर्धा तास अंधार.
"यातले कण वखवखलेले असतात, मामा,
एकेक इलेक्ट्रॉन हुकलेले.
दिसेल त्याच्यावर झडप घालतात.
जो आपल्यातला देतो, तो त्यांना निववतो."
मला माझा धाकटा भाऊ आठवला.

कागद काढला.
रसाची नळी जरा फिकी, लाजल्यासारखी.
चोथ्याची गुलाबट.
सालीची पिवळी. पार पिवळी,
अंगाला हळद लागावी तशी.
तिनं तीनदा केलं, मी तीनदा नळ्या धुतल्या.
पाचशे सतरावर आकडा तोच.

व्हरांड्यातून तिनं घरी फोन लावला.
पलीकडं गाड्याची घंटी, कुणीतरी "बर्फ कम" म्हणत होतं.
"मतलब असल माल बकरियों को?
और गिऱ्हाइक को मैं तीस साल..."
पुढचं मशिनच्या आवाजात गेलं.
ती हसली, मग हसायची थांबली.
तीस सालांच्या साली किती होतात
याचा हिशेब ती बोटांवर करत असावी.

आता गोणी दर सोमवारी येते,
तोंड शिवलेली, वर खडूनं किलो लिहिलेले.
शेळ्यांना कुणी कळवलं नाही.
पाचाला त्या अजून नाल्याकडं येऊन थांबतात म्हणे.

मी नळ्या धुतो. पिवळं लगेच निघतं,
जांभळं बोटांना धरून राहतं.
काल निघताना टेबलाखाली पडलेली एक साल
उगाच खिशात टाकली,
अन् स्टेशन रोडला न वळता
भावाच्या घराकडं सायकल घेतली.
बरेच दिवस राहिलं होतं.